टोसिलेशन दर वेळी अर्धवट राहतं? पाणी कुठे मुरतंय, ते आधी बाटलीत शोधा

तक्रार ठरलेली असते. अल्कोहोलचं टोसिलेट करायचं आहे, म्हणजे टोसिल क्लोराइड वापरून त्याच्यावर टोसिल गट बसवायचा आहे, रिअ‍ॅक्शन साधी, हजारो वेळा झालेली. पहिल्यांदा लावली तेव्हा यील्ड ९० टक्के आला. दोन-तीन महिन्यांनी त्याच वहीतलं पान उघडून, त्याच मापाने पुन्हा लावली तर ७० वर अडकली. मग पिरिडीन (सॉल्व्हेंट आणि बेस दोन्ही) नव्याने ऊर्ध्वपातित करून झालं, डीएमएपी (उत्प्रेरक) दुप्पट टाकून झाला, रिअ‍ॅक्शन रात्रभर ठेवून झाली. कधी ७२, कधी ६५. टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या प्लेटवर) अल्कोहोलचा डाग काही हटत नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण नवशिक्यांना चिडवतो. टोसिल क्लोराइडच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा अंगण खरंच वाकडं असतं. हाताला दोष देण्याआधी बाटली बघा.

मी स्वतः यात दीड महिना घालवला आहे. आमच्याकडे अर्धा किलोची एक बाटली होती, कधी उघडली ते कोणाला आठवत नव्हतं. तोंडाशी पांढरी खपली धरलेली, झाकणाच्या आतलं अस्तर पिवळं पडून भुसभुशीत झालेलं, आत भुकटीऐवजी ढेकळं. झाकण फिरवलं की नाकात आधी हायड्रोक्लोरिक आम्लाचा झटका, मग टोसिल क्लोराइडचा स्वतःचा तिखट वास. शेजारी ठेवलेल्या स्टीलच्या स्पॅच्युलावर गंज चढला होता. इतकं सगळं समोर दिसत असूनही मी सॉल्व्हेंटच वाळवत बसलो होतो.

झालेलं असतं ते एवढंच: टोसिल क्लोराइडचा एक रेणू आणि पाण्याचा एक रेणू मिळून टोसिक आम्ल आणि हायड्रोजन क्लोराइड तयार होतात. हायड्रोजन क्लोराइड वायू असल्यामुळे हळूहळू झाकणातून निसटतो आणि वाटेत जे भेटेल ते खातो. टोसिक आम्ल मात्र मागे राहतं, आणि हवेतलं आणखी पाणी ओढून मोनोहायड्रेट बनतं, म्हणजे आम्लाच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचा एक रेणू.

आता यातली खरी गंमत. टोसिल क्लोराइडचं रेणुभार १९०.६५, टोसिक आम्लाच्या मोनोहायड्रेटचं १९०.२२. म्हणजे १०० ग्रॅम टोसिल क्लोराइड पूर्णपणे सडून मोनोहायड्रेट झालं आणि हायड्रोजन क्लोराइड उडून गेला, तर उरतात ९९.८ ग्रॅम. बाटलीचं वजन घटत नाही, वाढत नाही, रंगही पांढराच. तराजू तुम्हाला काहीही सांगणार नाही. दुसऱ्या कुठल्या अभिकर्मकाने इतक्या सफाईने फसवल्याचं मला आठवत नाही.

यील्डवर याचा परिणाम किती होतो, ते कागदावर मांडून पाहू. १० मिलीमोल अल्कोहोल, १.१ इक्विव्हॅलंट (अल्कोहोलच्या १.१ पट मोल) टोसिल क्लोराइड, म्हणजे २.१० ग्रॅम. बाटली ८५ टक्के शुद्ध आहे असं धरा. बाकीचे १५ टक्के मोनोहायड्रेट. तर खरं टोसिल क्लोराइड पडलं १.७८५ ग्रॅम, म्हणजे ९.४ मिलीमोलला थोडं कमी. जादा टाकलं असं वाटत होतं, प्रत्यक्षात एक इक्विव्हॅलंटसुद्धा नाही. इथवर कोणीही हिशोब करतो. पुढचा चुकतो. उरलेल्या ०.३१५ ग्रॅममध्ये १.६६ मिलीमोल आम्ल आहे आणि त्याच्यासोबत १.६६ मिलीमोल पाणी. हे पाणी तुम्ही वाळवलेल्या फ्लास्कमध्ये स्वतःच्या हाताने टाकलंत. ते आणखी १.६६ मिलीमोल टोसिल क्लोराइड फस्त करू शकतं. शिल्लक ७.७ मिलीमोल. यील्डची कमाल मर्यादा ७७ टक्क्यांवर आली, आणि वर्कअप (नंतरचं धुणं आणि माल वेगळा करणं) अजून सुरूही झालेलं नाही.

बेसचंही तसंच. ट्रायइथाइलअमाइन १.२ इक्विव्हॅलंट घेतलं असेल तर १२ मिलीमोल. आधीचं आम्ल १.६६ खातं. पाण्याने सडलेल्या टोसिल क्लोराइडमधून टोसिक आम्ल आणि हायड्रोजन क्लोराइड अशी दोन आम्लं निघतात, ती मिळून ३.३ खातात. राहिला ७ मिलीमोल. पिरिडीनच सॉल्व्हेंट असेल तर बेस संपत नाही, म्हणून जुनी बाटली पिरिडीनमध्ये बरी चालते आणि डायक्लोरोमिथेन (डीसीएम)-ट्रायइथाइलअमाइनमध्ये उघडी पडते. ‘पिरिडीनमध्ये जमतं, डीसीएममध्ये जमत नाही’ असं कोणी म्हणालं की मी पहिला प्रश्न बाटलीच्या वयाचा विचारतो.

डीएमएपी दुप्पट करून फायदा का होत नाही, तेही यातच आलं. उत्प्रेरक वेग वाढवतो. नसलेलं टोसिल क्लोराइड तो आणणार कुठून?

बाटली तपासायची कशी

सगळे आधी मेल्टिंग पॉइंट घेतात, आणि तिथेच फसतात. शुद्ध माल ६७.५ ते ६८.५ अंश सेल्सिअसला वितळतो. बराच काळ पडून असलेला मालही ६५ ते ६८ च्या पट्ट्यात वितळतो. दोन-तीन अंशांच्या फरकावर कोणी बाटली नापास करत नाही. कॅपिलरी ७० अंशांनंतर लगेच काढून टाकू नका. गरम करत राहा आणि भिंगातून पाहा. चांगला माल वितळून पाण्यासारखा स्वच्छ दिसतो. खराब मालात स्वच्छ द्रवात पांढरे कण तसेच बसून राहतात, कारण टोसिक आम्लाचं मोनोहायड्रेट वितळायला १०० च्या वर जावं लागतं.

आकडा हवा असेल तर टायट्रेशन करा. १ ग्रॅम भुकटी बर्फाच्या थंड २० मिली पाण्यात मिनिटभर हलवायची आणि लगेच गाळायची. टोसिल क्लोराइड पाण्यात विरघळत नाही आणि थंडीत फार हळू सडतं, त्यामुळे तेवढ्या वेळात पाण्यात उतरतं ते आधीचंच आम्ल. फिनॉल्फ्थेलीन घालून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा. १० टक्के मोनोहायड्रेट असेल तर सुमारे ५.३ मिली लागतात. भुकटीत अडकलेला हायड्रोजन क्लोराइडही यात मोजला जातो, तेव्हा आकडा थोडा वर येईल. निर्णय घ्यायला तेवढं पुरतं. गाळण्यात रेंगाळलात तर मात्र तुम्ही बाटली नव्हे, स्वतःचा आळस मोजत असाल.

एनएमआर मोकळा असेल तर ड्यूटेरोक्लोरोफॉर्ममध्ये टोसिल क्लोराइडचे डबलेट (जोडशिखरं) ७.९ आणि ७.४ पीपीएमला, मिथाइल २.५ ला. फक्त एक सावधगिरी: आम्ल क्लोरोफॉर्ममध्ये नीट विरघळत नाही. ट्यूबच्या तळाशी गाळ बसलेला असतो आणि स्पेक्ट्रम मात्र सुंदर दिसतो. ट्यूब उजेडात धरून पाहिल्याशिवाय त्या स्पेक्ट्रमवर विश्वास ठेवू नका.

याच एनएमआरमध्ये मिथाइलचं आणखी एक शिखर २.८ च्या आसपास दिसलं तर प्रकार वेगळा आहे: तो ऑर्थो आयसोमर, म्हणजे तेच अणू, पण मिथाइल गट समोरच्या (पॅरा) जागेऐवजी शेजारच्या जागी. टोल्यूइनवर क्लोरोसल्फॉनिक आम्ल वापरलं की ऑर्थो आणि पॅरा दोन्ही बनतात. सॅकरिनची गोडी १८७९ साली रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत फालबर्ग यांना कळली. पुढे त्याचं उत्पादन सुरू झालं तेव्हा लागायचा तो ऑर्थो आयसोमर, आणि आपला पॅरा हा ढिगाने उरणारा जोडमाल होता. आज आपण ज्याच्यासाठी बाटल्या उघडतो तो एके काळी दुसऱ्याच्या कारखान्यातला उरलेला माल! ऑर्थो आयसोमर १० अंशांलाच वितळतो, म्हणून थोडा जरी राहिला तरी भुकटी चिकट, ओलसर वाटते आणि मेल्टिंग पॉइंट चांगलाच घसरतो. चिकट बाटली म्हणजे ओली बाटली असं समजू नका. ती ऑर्थोने भरलेली असू शकते, आणि मग कितीही वाळवली तरी कोरडी होणार नाही.

शुद्ध करणं: अर्ध्या दिवसाचं काम

नवी बाटली मागवून वाट बघण्यापेक्षा हे लवकर होतं. १० ग्रॅम माल कमीत कमी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा, साधारण २५ मिली लागतं. न विरघळलेलं असेल ते गाळून टाका. आता त्यात पाचपट, म्हणजे १२५ मिली, हलकं पेट्रोलियम ईथर ओता, ३० ते ६० अंशांना उकळणारं. ओतताना लक्ष द्या: स्वच्छ द्रावण दुधाळ होतं आणि थोड्या वेळाने भिंतीला बारीक पांढरा थर धरतो. सवयीने इथे हात चुकतो. स्फटिक पडले की तो आपला माल, असं हाताला वाटतं. इथे पडतं ते टोसिक आम्ल. आपला माल वरच्या द्रावात असतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा गाळलेला थर मोठ्या समाधानाने वाळत ठेवला आणि गाळलेला द्राव सिंकजवळ ठेवून आलो; सुदैवाने तो अजून ओतलेला नव्हता. गाळणीवरचा थर तपासलात तर तो १०१ ते १०४ अंशांना वितळेल.

गाळलेल्या द्रावात चिमूटभर कोळसा घालून पाच मिनिटं हलवा, पुन्हा गाळा, मग सुमारे ४० मिलीपर्यंत आटवा आणि पुढे अगदी थोडा द्राव राहीपर्यंत. १० ग्रॅममधून ७ ग्रॅमच्या आसपास पांढरेशुभ्र स्फटिक मिळतात. पेट्रोलियम ईथर असल्यामुळे उघडी ज्योत किंवा ठिणगी आसपास नको, आणि सगळं काम फ्यूम हूडमध्येच. टोसिल क्लोराइड डोळ्यांत पाणी आणतं, त्वचेला भाजतं. फार जुनी बाटली उघडताना आत हायड्रोजन क्लोराइडचा दाब असतो. झाकण तोंडापासून लांब धरून, सावकाश, हूडच्या काचेआड फिरवा.

माल पिवळट असेल तर वेगळा मार्ग आहे. ईथरमध्ये विरघळवून थंड १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडने रंग जाईपर्यंत धुवायचं, सोडियम सल्फेटवर वाळवायचं आणि कोरड्या बर्फात गार करून स्फटिक पाडायचे. क्लोराइडला अल्कलीने धुवायचं म्हटल्यावर लोक दचकतात. थंडीत आणि पटकन केलं तर नुकसान नगण्य.

शुद्ध केलेला माल पुन्हा त्याच मोठ्या बाटलीत भरू नका. लहान कुप्यांमध्ये वाटून, झाकणावर पॅराफिल्म, डेसिकेटरमध्ये. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर कुपी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. थंड भुकटीवर हवेतलं दव धरतं, आणि दर वेळी थोडं थोडं करत महिन्याभरात आपण होतो तिथे येतो.

बाटली चांगली निघाली तर

मग दोन वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात, आणि त्या टीएलसीवरून ओळखता येतात. टीएलसी करताना पिरिडीनचं मिश्रण थेट प्लेटवर लावू नका, सगळं ओघळून येतं. एक थेंब अर्धा मिली इथाइल अ‍ॅसिटेट आणि तेवढ्याच विरल हायड्रोक्लोरिक आम्लात हलवा आणि वरच्या थरातून डाग लावा. शेजारी शुद्ध टोसिल क्लोराइड आणि अल्कोहोल, आणि एक एकत्र डाग. टोसिल क्लोराइड आणि टोसिलेट दोन्ही अतिनील दिव्याखाली चमकतात आणि बऱ्याचदा एकमेकांना खेटून, क्लोराइड किंचित वर, असे धावतात. घाईत पाहिलं तर एकाला दुसरं समजलं जातं.

अल्कोहोल शिल्लक आणि टोसिल क्लोराइड संपलेलं: पाणी. बाटलीत नसेल तर पिरिडीनमध्ये किंवा अल्कोहोलमध्येच. १० मिली पिरिडीनमध्ये ०.१ टक्का पाणी म्हणजे अर्धा मिलीमोल, १० मिलीमोलच्या रिअ‍ॅक्शनला त्याने फार बिघडत नाही. १ मिलीमोलची रिअ‍ॅक्शन तेवढ्याच पिरिडीनमध्ये लावली असेल तर निम्मा माल गेला. छोट्या मापावर सॉल्व्हेंटही छोटंच ठेवा.

दोन्ही शिल्लक: रिअ‍ॅक्शन नुसती मंद आहे. दुय्यम अल्कोहोल, आजूबाजूला गर्दी. इथे डीएमएपीला खरा अर्थ आहे. मला त्याहून आवडतो तो तानाबे आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडलेला मार्ग: ट्रायइथाइलअमाइन बेस म्हणून आणि ट्रायमिथाइलअमाइन हायड्रोक्लोराइड उत्प्रेरक म्हणून. पिरिडीनपेक्षा कितीतरी वेगाने होतो. तृतीयक अल्कोहोलवर मात्र वेळ घालवू नका.

तिसरा प्रकार सगळ्यात छळतो. अल्कोहोल संपलं, टीएलसी स्वच्छ, आणि तरी वजन कमी. टोसिलेट बनलं होतं. पण फ्लास्कमध्ये मोकळे फिरणारे क्लोराइड आयन त्याच्यावर चालून गेले आणि अल्किल क्लोराइड करून मोकळे झाले. अल्किल क्लोराइड अतिनील दिव्याखाली दिसत नाही, म्हणून टीएलसी स्वच्छ वाटते. हलकं असेल तर रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली सॉल्व्हेंट उडवण्याच्या यंत्रावर) उडूनही जातं. प्राथमिक साखळी असेल तर कच्च्या मालाच्या एनएमआरमध्ये ४.० च्या आसपास टोसिलेटचा ट्रिप्लेट (तीन शिखरांचा गट) आणि ३.५ ला क्लोराइडचा, असे दोन दिसतात. बेंझिल आणि अ‍ॅलिल अल्कोहोलमध्ये तर टोसिलेट हाती लागणं हीच अडचण. डीएमएपी असेल तर सरळ क्लोराइडच मिळतं. तिथे हट्ट सोडावा, पुढच्या पायरीला क्लोराइड चालतंय का ते पाहावं. टोसिलेटच हवं असेल तर टोसिल क्लोराइडऐवजी टोसिक अ‍ॅनहायड्राइड घ्या, क्लोराइडचा प्रश्नच मिटतो.

साध्या अल्कोहोलला उपाय जुनाच: थंडी आणि संयम. पिरिडीनमध्ये शून्य अंशांना टोसिल क्लोराइड थोडं थोडं टाकायचं, पूर्ण विरघळलं की फ्लास्क बंद करून फ्रिजमध्ये. काही तासांनी किंवा सकाळी उघडाल तेव्हा लांब, सुईसारखे, पारदर्शक स्फटिक तळाशी उभे दिसतील. ते पिरिडीन हायड्रोक्लोराइड. दिसले म्हणजे रिअ‍ॅक्शन चालू आहे, आणि स्फटिकात अडकलेलं क्लोराइड टोसिलेटवर जात नाही. खोलीच्या तापमानाला रात्रभर ढवळत ठेवण्याची सवय इथे नडते. पिरिडीनमध्ये करायचंच नसेल तर काबाल्का आणि सहकाऱ्यांचं १९८६ सालचं माप चांगलं आहे: क्लोरोफॉर्ममध्ये अल्कोहोल, टोसिल क्लोराइड आणि पिरिडीन १ : १.५ : २.

वर्कअपमध्ये हरवतं ते

जादा टोसिल क्लोराइड सिलिकावर वेगळं करायला जाऊ नका. आधी नष्ट करा. रिअ‍ॅक्शन बर्फात ठेवून पाण्याचे दोन-चार थेंब, पाच मिनिटांनी आणखी थोडे, असं अर्ध्या तासात. एकदम पाणी ओतलं तर उष्णता वाढते आणि टोसिल क्लोराइड तेलासारखं खाली बसतं, मग ते सडतही नाही. टोसिलेट घन असेल आणि मिश्रण सरळ बर्फाच्या पाण्यात ओतलं, तर दोन्ही एकत्र पडतात आणि यील्ड ११० टक्के येतो. त्या आनंदात राहू नये.

पिरिडीन काढताना आम्लाचा हिशोब करा. १० मिली पिरिडीन म्हणजे १२४ मिलीमोल. ते घालवायला १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १२४ मिली लागतं, तेही बर्फासारखं थंड. लोक २० मिलीचे दोन वॉश देतात आणि मग फ्लास्कला वास का येतो म्हणून विचारतात. आम्लाला न सोसणारा माल असेल तर कॉपर सल्फेटचं द्रावण वापरा: फिकट निळा थर पिरिडीन भेटताच गडद निळा होतो. वॉश फिकटच राहिला की थांबा. पिरिडीन आत ठेवून रोटाव्हॅप ६० अंशांवर चालवलं तर ते टोसिलेटवर हल्ला करून पिरिडिनियम क्षार बनवतं, जो नंतरच्या पाण्यात निघून जातो आणि वहीत ‘लॉस ड्युरिंग वर्कअप’ म्हणून नोंदला जातो. बाथ ३५-४० च्या वर नेऊ नका.

बायकार्बोनेटचा वॉश शेवटी द्याच. टोसिलेटमध्ये आम्लाचा अंश राहिला तर ते साठवणीत तपकिरी पडत जातं. कुपी फ्रिजमध्ये, लेबलवर तारीख, आणि हाताळताना हातमोजे. टोसिलेट हे अल्किल गट देणारं संयुग आहे, त्याला फ्लास्कमधला न्यूक्लिओफाइल (तो गट घेणारा रेणू) आणि तुमची त्वचा यांतला फरक कळत नाही.